रेसची तयारी नसताना मास्टर्स जलतरण स्पर्धेत उतरायचं कसं

रोज सकाळी तलावावर जाऊन वीस-तीस लॅप मारणारी माणसं पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात, नागपुरात भरपूर आहेत. त्यांच्यासमोर स्पर्धेचा विषय निघाला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही आपले तब्येतीसाठी पोहतो. पण मास्टर्स स्पर्धा अशाच माणसांसाठी असतात. वयोगट पाच-पाच वर्षांचे, पात्रतेची वेळ सहसा नसते आणि नियमांतही मोठ्यांसाठी काही खास सवलती आहेत. तीन आठवडे हाताशी असतील आणि सलग २०० मीटर न थांबता पोहता येत असेल, तर नाव द्यायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करा. तीन आठवड्यांत वेग फारसा वाढणार नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका. नवख्याची शर्यत बिघडते ती भिंतीपाशी: सूर मारताना, टर्न घेताना, शेवटचा हात लावताना. जो काही थोडा सराव होईल तो तिथेच खर्च करा.

१. आधी वयोगट समजून घ्या

मास्टर्स गट २५ वर्षांपासून सुरू होतात: २५–२९, ३०–३४, ३५–३९ असे पुढे. जागतिक संघटनेच्या, म्हणजे वर्ल्ड ॲक्वाटिक्सच्या (जुनं नाव फिना) नियमानुसार वय मोजतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला. स्पर्धेच्या दिवशीचं वय इथे उपयोगाचं नाही. समजा तुमचा जन्म २० नोव्हेंबर १९८६चा आहे आणि स्पर्धा जून २०२६मध्ये आहे. त्या दिवशी तुम्ही ३९चे असाल, पण गट लागेल ४०–४४. नवख्यांच्या अर्जांत चूक होते ती इथेच, आणि ऐनवेळी गट बदलला की हीटसुद्धा (एका वेळी पोहणाऱ्यांची तुकडी) बदलते.

स्पर्धेचं परिपत्रक जिल्हा किंवा राज्य जलतरण संघटनेकडून निघतं. राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडिया भरवते. व्यवहारात मात्र परिपत्रक तुमच्यापर्यंत येतं ते तलावावरच्या कोचच्या किंवा बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, आणि अनेकदा शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी. म्हणून कोचच्या कानावर आजच घालून ठेवा: "सर, मास्टर्सचं काही आलं तर मला कळवा." परिपत्रक आलं की चार गोष्टी शोधायच्या: तलाव २५ मीटरचा की ५० मीटरचा, एका माणसाला किती वैयक्तिक शर्यती घेता येतात, संघटनेची नोंदणी लागते का, आणि अर्ज स्वतः भरायचा की क्लबमार्फत.

अमेरिकेत असाल तर थोडा फरक आहे. तिथे यूएस मास्टर्स स्विमिंगचं सभासदत्व घ्यावं लागतं, वयाची अट १८ पासून आहे आणि बऱ्याच स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात. २५ यार्ड म्हणजे जेमतेम २३ मीटर, त्यामुळे तिथली वेळ इथल्या वेळेशी ताडून पाहू नका.

२. कागदपत्रं एकाच पाकिटात ठेवा

• जन्मतारखेचा पुरावा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट
• आधार कार्डाची प्रत, आणि मूळ कार्डही जवळ
• पासपोर्ट आकाराचे चार फोटो
• डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, शक्यतो महिन्याभरातलं, सही-शिक्क्यासह
• स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत असल्याचं हमीपत्र. नमुना परिपत्रकासोबत असतो
• प्रवेश फी भरल्याचा स्क्रीनशॉट, त्यावर व्यवहार क्रमांक दिसेल असा

आधारवरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळते का ते आजच बघा. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी लोकांच्या दाखल्यावर "१ जून" असते आणि खरी तारीख दुसरीच. कोणतीही एक तारीख धरा आणि सगळीकडे तीच लिहा.

तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ही नुसती सही समजू नका. तब्येतीसाठी आरामात पोहणं आणि ५० मीटर जीव तोडून मारणं यात हृदयावर पडणाऱ्या ताणाचा फरक मोठा आहे. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना "स्पर्धेत जोरात पोहणार आहे" असं स्पष्ट सांगा आणि ईसीजी काढून घ्या.

३. शर्यती दोनच निवडा

पहिल्या वेळी दोन, फार तर तीन. सगळ्यात सोपी जोडी म्हणजे ५० मीटर फ्री (फ्रीस्टाइल) आणि ५० मीटर ब्रेस्ट (ब्रेस्टस्ट्रोक). बॅकस्ट्रोक सरळ रेषेत जमत असेल तर ५० बॅकही चांगली, कारण तिचा स्टार्ट पाण्यातूनच होतो आणि सूर मारायचा प्रश्नच उरत नाही.

रोज एक किलोमीटर संथ पोहणाऱ्यांना एक आग्रहाची सूचना: ४०० फ्री घ्या. ऐकून दचकायला होतं, पण अशा माणसाचं शरीर ५० पेक्षा ४००लाच जास्त सरावलेलं असतं. ५० मीटरमध्ये स्टार्ट चुकला तर भरून काढायला जागा नसते, ४००मध्ये असते. नवख्यांनी सगळ्यात जपून राहावं ते १०० मीटरपासून. ५० सारखी सुरुवात होते आणि शेवटचे ३० मीटर हातापायांत शिसं भरल्यासारखे जातात. २०० आयएम (चारही शैली एकाच शर्यतीत) आणि १०० फ्लाय (बटरफ्लाय) यंदा सोडून द्या.

फ्रीस्टाइलचा एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो: फ्रीस्टाइल म्हणजे कोणतीही शैली. मध्येच दम लागला तर सरळ ब्रेस्टस्ट्रोकवर जा, कुणी बाद करणार नाही. तळाला पाय टेकून क्षणभर उभं राहिलात तरी चालतं, मात्र चालायचं नाही आणि लेनचा दोर ओढायचा नाही. दोर ओढला की बाद. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांची डोकं वर ठेवून हात मारायची पद्धतही फ्रीस्टाइलमध्ये पूर्ण नियमात बसते.

रिलेसाठी क्लबने विचारलं तर नक्की हो म्हणा. त्यात चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो: १००–११९, १२०–१५९, १६०–१९९ असे पुढे. आधीच्या गड्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी तुमचे पाय ब्लॉकवरून (सूर मारायचा काठावरचा ओटा) सुटले तर अख्खा संघ बाद होतो, म्हणून त्याचा हात डोळ्यांनी दिसल्यावरच निघा.

४. अर्जात वेळ काय लिहायची

अर्जात प्रत्येक शर्यतीपुढे वेळ मागतात, आणि तिच्यावरून हीट आणि लेन ठरते. मास्टर्समध्ये सहसा हीट हीच फायनल असते. आधी संथ हीट, मग वेगवान, आणि निकाल सगळ्यांच्या वेळा एकत्र लावून. वेळ काढायची रीत सोपी आहे. हलकं वॉर्मअप करा, कुणाला तरी काठावर स्टॉपवॉच घेऊन उभं करा, भिंतीला रेटा देऊन निघा आणि शर्यतीचं अंतर पोहा. जी वेळ येईल तीच लिहा. मोठेपणासाठी दहा सेकंद कापलेत तर जलद हीटमध्ये एकटेच मागे राहाल, आणि पुढच्यांच्या लाटा तोंडात घेत पोहावं लागेल.

वेळ मिनिट, सेकंद आणि शतांश अशा तीन भागांत लिहा: ०१:०२.४०. नुसतं "१.०२" लिहिलं तर संगणकावर भरणारा ते एक मिनिट दोन सेकंद धरेल याचा भरवसा नाही. वेळ २५ मीटरच्या तलावात घेतली असेल आणि स्पर्धा ५० मीटरच्या तलावात असेल, तर थोडे सेकंद वाढवून लिहा. २५च्या तलावात १०० मीटरला भिंतीचा रेटा तीनदा मिळतो, ५०च्या तलावात एकदाच.

५. सामान

गॉगल दोन, दोन्ही वापरून मुरलेले. नवा गॉगल स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. सिलिकॉनच्या टोप्या दोन, कारण ओढताना फाटतात. पुरुषांसाठी गुडघ्यापर्यंतचा घट्ट जॅमर किंवा ट्रंक. खिसे असलेली सैल बर्म्युडा पाण्यात पिशवीसारखी फुगते. महिलांसाठी गुडघ्यापर्यंतचा एकसंध सूट नियमात बसतो. नियमानुसार सूट मान झाकणारा, खांद्याच्या पुढे जाणारा किंवा गुडघ्याखाली उतरणारा नसावा, तेव्हा तुम्ही रोज पूर्ण बाह्यांचा सूट घालत असाल तर अर्ज भरतानाच आयोजकांना विचारून घ्या. शिवाय टॉवेल दोन, रबरी चप्पल, अंगावर घ्यायला जाडसर काहीतरी, पाण्याची बाटली आणि एक मार्कर पेन. मार्करने मनगटाच्या आतल्या बाजूला शर्यत, हीट आणि लेन लिहायची. गडबडीत हीच चिठ्ठी कामाला येते.

६. तीन आठवड्यांचा सराव

आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटं. सुरुवातीला ३०० मीटर सावकाश. मग आठ वेळा टर्न: भिंतीच्या दहा मीटर अलीकडून निघायचं, टर्न घ्यायचा, दहा मीटर बाहेर यायचं. मग चार वेळा २५ मीटर जोरात, प्रत्येकानंतर पूर्ण एक मिनिट विश्रांती. शेवटी सहा स्टार्ट. आठवड्यातून एकदा शर्यतीचं पूर्ण अंतर घड्याळ लावून. शेवटचे तीन दिवस सराव निम्मा करा आणि आदल्या दिवशी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त पाण्यात राहू नका. राहिलेला सराव शेवटच्या आठवड्यात भरून काढायला गेलं की खांदा दुखावतो.

दम वाढवायचा म्हणून पाण्याखाली श्वास रोखून लॅप मारायचा प्रकार अजिबात करू नका. आधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा मिळते, आणि चांगला पोहणाराही पाण्याखाली बेशुद्ध होऊ शकतो.

७. सूर

सूर येत नसेल तर ब्लॉकवर चढायची सक्ती नाही. मास्टर्सच्या नियमांत ब्लॉकवरून, काठावरून किंवा पाण्यात उतरून एका हाताने भिंत धरून, असा कुठूनही स्टार्ट घेता येतो. तुमच्या हीटच्या आधी स्टार्टरला किंवा पंचांना "मी पाण्यातून निघणार" एवढं सांगितलं की झालं. यात कमीपणा काही नाही. फसलेल्या सुरापेक्षा पाण्यातला चांगला रेटा बरा.

सूर शिकायचाच असेल तर खोल बाजूलाच, कोचसमोर, आणि तलावाची परवानगी घेऊन. उथळ बाजूला डोकं किंवा मान आपटून आयुष्यभराची इजा होते. ब्लॉकची उंची पाण्यापासून अर्धा ते पाऊण मीटर असते, तेव्हा आधी काठावर बसून, मग एक गुडघा टेकून, मग उभ्याने, अशा पायऱ्यांनी जा.

सुरात गॉगल निघतो तो पट्टा सैल असल्यामुळे क्वचितच. पाणी जवळ येताना माणूस समोर बघायला हनुवटी उचलतो, पाण्याचा मार थेट काचेच्या खालच्या कडेवर बसतो आणि गॉगल गळ्यात येतो. हनुवटी छातीकडे, दोन्ही दंड कानांमागे, तळहातावर तळहात. बोटांनी पाण्यात जिथे भोक पाडलं तिथूनच डोकं, कंबर, पाय आत गेले पाहिजेत. गॉगलचा पट्टा टोपीच्या आत घाला. तरीही गॉगल निघालाच तर थांबू नका, तळाची काळी रेघ धूसर का होईना दिसते.

पायाच्या अंगठ्याने ब्लॉकची कड पकडा. ओल्या ब्लॉकवर सपाट पाय ठेवून उडी मारली की पाय सटकतो आणि पोट आपटतं. पाण्यात शिरल्यावर मनात "एक, दोन" म्हणेपर्यंत ताठ राहायचं, मग किक, मग पहिला हात. पाण्याखाली १५ मीटरपेक्षा जास्त जायचं नसतं, पण नवख्याला ती हद्द गाठायची पाळी सहसा येत नाही.

८. बाद होण्याच्या जागा

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सगळ्यात जास्त नवखे बाद होतात. टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी, एकमेकांपासून सुटे, भिंतीला लागले पाहिजेत. रोजच्या पोहण्यात एका हाताने भिंत धरायची सवय इतकी मुरलेली असते की शर्यतीत तो हात आपोआप पुढे जातो. म्हणून आजपासून वॉर्मअपमध्येही एका हाताने भिंत धरायची नाही. दुसरी चूक पायांची: एक पाय बाहेर वळतो आणि दुसरा कात्रीसारखा खाली जातो. स्वतःला हे कळत नाही. पाठीमागून मोबाइलवर कुणाला तरी दहा सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा, लगेच दिसेल. स्टार्ट आणि टर्ननंतर पाण्याखाली एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून वर-खाली) चालते, तीही पहिल्या ब्रेस्ट किकच्या आधी. जमत नसेल तर मारूच नका. डोकं सतत वर ठेवून ब्रेस्ट मारलात तर वेळ जाईल, पण बाद होणार नाही.

बॅकस्ट्रोकमध्ये भिंतीच्या पाच मीटर अलीकडे वर पताका असतात. सरावात पताकेपासून भिंतीपर्यंत किती हात लागतात ते मोजून ठेवा. समजा चार लागत असतील तर शर्यतीत थोडा वेग जास्त म्हणून तीनच धरा. पोटावर वळून फ्लिप (कोलांटी घेऊन टर्न) मारायचा असेल तर वळल्यावर लगेच हात ओढून फिरावं लागतं. पोटावर किक मारत भिंतीकडे सरकलात की बाद. नवख्यांसाठी साधा मार्ग: पाठीवरच राहून हाताने भिंतीला टच, मग वळा आणि पाठीवरच रेटा द्या. शेवटचा टचही पाठीवर असतानाच. मागे वळून भिंत बघायचा मोह होतो आणि तिथेच माणूस बाद होतो.

फ्लायमध्येही दोन्ही हातांचा टच. मोठ्यांसाठी सवलत अशी की फ्लायच्या हातांसोबत ब्रेस्टची किक मारता येते, हाताच्या एका ओढीला एक. कंबर कुरकुरणाऱ्यांना ५० फ्लाय त्यामुळे आवाक्यात येते.

फ्रीमध्ये टर्नला शरीराचा कोणताही भाग भिंतीला लागला पाहिजे. फ्लिप टर्न पक्का नसेल तर हात लावून वळा. फसलेल्या फ्लिपमध्ये पाय भिंतीपर्यंत पोचत नाहीत, आणि भिंतीला स्पर्श न करता परत फिरलं की पुढचं सगळं पोहणं वाया.

९. स्पर्धेचा दिवस

दोन-अडीच तास आधी हलकं खा: पोहे, इडली, केळं. तर्रीची मिसळ शर्यत झाल्यावर. रिपोर्टिंगच्या वेळेआधी अर्धा तास पोचा, हीट शीट (हीट आणि लेनची यादी) भिंतीवर लागली की फोटो काढा आणि स्वतःचं नाव, गट, लेन तपासा. चूक असेल तर तेव्हाच टेबलावर सांगा. शर्यत सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

वॉर्मअपला ४०० ते ६०० मीटर पुरे, शेवटी दोन वेळा २५ जोरात. वॉर्मअपच्या गर्दीत सूर मारायचा नाही, पाय आधी टाकून उतरायचं; सूर फक्त स्प्रिंटसाठी राखलेल्या लेनमध्ये. लेनमध्ये सगळे एकाच दिशेने गोल पोहत असतात, उतरण्यापूर्वी दोन मिनिटं बघा. कार्यक्रम उशिरा चालतोच. ओल्या कपड्यांत बसून राहिलात तर वॉर्मअप गेला म्हणून समजा: अंग कोरडं करा, काहीतरी पांघरा आणि तुमच्या शर्यतीच्या दोन शर्यती आधीच मार्शलिंगपाशी (शर्यतीआधी नावं पुकारून स्पर्धक गोळा करतात ती जागा) जाऊन उभे राहा. नाव पुकारल्यावर जागेवर नसलात तर लेन रिकामी जाते.

१०. शिट्टीपासून टचपर्यंत

बारीक बारीक शिट्ट्या: टॉवेल-चप्पल बाजूला, लेनमागे तयार. एक लांब शिट्टी: ब्लॉकवर चढा, किंवा पाण्यातून निघणार असाल तर उतरा. बॅकस्ट्रोकला पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात, दुसरीला भिंतीपाशी. मग "टेक युअर मार्क्स": वाका आणि दगडासारखे स्थिर राहा. मग भोंगा. भोंग्याच्या आधी निघालात तर बाद. दुसरी संधी नसते. शेजारचा हलला म्हणून हलू नका, कान फक्त भोंग्याकडे.

पहिली दहा सेकंदं काहीच जड वाटत नाही, कारण स्नायूंत साठलेली ऊर्जा तेवढा वेळ पुरते. त्या फसव्या हलकेपणात हात दुप्पट वेगाने फिरतात आणि ३५ मीटरवर सगळं संपतं. उपाय: पहिले २५ मीटर हात लांब टाका, मोजून पोहा, आणि श्वास पहिल्या तीन-चार हातांतच घ्यायला सुरुवात करा. १००ला उतरला असाल आणि ५०ची वेळ ५० सेकंद असेल, तर पहिलं ५० चौपन्न-पंचावन्नमध्ये जाऊ द्या.

शेवटच्या पाच मीटरवर लेनच्या दोराचा रंग बदलतो. तिथून डोकं उचलायचं नाही, भिंत येईपर्यंत हात थांबवायचा नाही. बोटांनी जोरात टच करा, कारण घड्याळवाल्याला तो स्पर्श दिसला पाहिजे. मग आपल्याच लेनमध्ये दोर धरून थांबा. पंच सांगेपर्यंत बाहेर येऊ नका आणि दुसऱ्याच्या लेनमधून जाऊ नका.

मध्येच छातीत दुखलं, गरगरलं किंवा पायात गोळा आला तर शर्यत सोडा. दोर पकडा, दुसरा हात वर करा.

११. निकाल लागल्यावर

निकालाचा कागद लागला की वेळेचा फोटो काढा; पुढच्या अर्जात हीच वेळ जाईल. नावापुढे डीक्यू (म्हणजे बाद) असेल तर टेबलावर जाऊन नेमकं कारण विचारा. कुठल्या टर्नला, कोणता हात, एवढं तपशिलात सांगतात. लेखी हरकत घ्यायची असेल तर सर्वसाधारण नियमाने शर्यत संपल्यापासून ३० मिनिटांत, फी भरून घ्यावी लागते. तुमची दुसरी शर्यत बाकी असेल तर आधी १०० मीटर अगदी सावकाश पोहून घ्या, अर्धं केळं खा, आणि मनगटावरची पुढची ओळ बघा.